आपलं चित्र आपणच विकावं का?

कागदकुंचला:
पुण्यात आम्हा तिघींचं प्रदर्शन चालू आहे, रविवारी संपेल. काल एक काका माझ्या जलरंगातल्या चित्रासमोर बराच वेळ उभे होते. पावसातली तुळशीबाग, अर्धा इम्पीरियल कागद, म्हणजे साधारण १५ बाय २२ इंच. 'केवढ्याला?' म्हणाले. मी गडबडले. 'बघा ना, तुम्हाला योग्य वाटेल ते' असं काहीतरी बोलून गेले. 'छान काढलंय' म्हणाले आणि निघून गेले. तेव्हापासून मनात घोळतंय: चित्राखाली सरळ किंमत लिहावी, इन्स्टाग्रामवर टाकतानाही मापासकट किंमत द्यावी, आणि ज्यांना मूळ चित्र परवडत नाही त्यांच्यासाठी छापील प्रती काढाव्यात. आमचे सर म्हणाले, 'मग तू चित्रकार नाही, दुकानदार होशील.' मला हे पटत नाहीये. तुमचं मत सांगा.

जुनाब्रश:
सरांचं बरोबर आहे. किंमत लिहायला हरकत नाही, पण विकण्याच्या मागे लागलीस की हात बदलतो. माझ्या बरोबरीच्या एका मित्राचा एक गणपती विकला गेला. मग दुसरा, तिसरा. तो निसर्गचित्रं इतकी सुंदर काढायचा! आज त्याच्याकडे निसर्गचित्र कुणी मागत नाही आणि तोही काढत नाही. गॅलरी कमिशन घेते म्हणून लोक ओरडतात, पण चित्र घेणारी माणसं तिच्या ओळखीची असतात, बोलणं ती करते, तू काम करत राहतेस. दहा वर्षं नुसतं काम कर. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनासाठी अर्ज टाकून ठेव, तारीख मिळायला वर्षं जातात.

रंकाळ्याकाठची:
आणि त्या दहा वर्षांत घरभाडं कोण भरणार? ज्यांच्या घरी पैसा आहे तेच मग चित्रकार होणार. दीनानाथ दलालांची चित्रं लोकांनी दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर पाहिली, मुळगावकरांची कॅलेंडरवर. आमच्या आजीच्या देवघरात मुळगावकरांचं कॅलेंडर वर्ष संपल्यावरही भिंतीवर राहायचं. ती कधी कुठल्या गॅलरीची पायरी चढली नाही. राजा रवि वर्म्यांनी तर १८९४ साली मुंबईत स्वतःचा छापखाना काढला. ते दुकानदार होते का?

जुनाब्रश:
रवि वर्म्यांचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. व्हिएन्नाचं पदक १८७३ चं, बडोद्याच्या दरबारची कामं त्यानंतरची, आणि छापखाना त्याच्याही नंतरचा. नाव आधी, प्रती मग. शिवाय तो छापखाना कर्जात गेला आणि शेवटी आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. एवढ्या मोठ्या माणसाला धंदा झेपला नाही.

रंकाळ्याकाठची:
धंदा बुडाला, चित्रं नाही बुडाली. लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या त्या त्या प्रतींमुळेच. आणि आज पंचवीस प्रती काढायला छापखाना उभारावा लागत नाही.

कोर्टाचीपायरी:
या वादात एक गोष्ट राहतेय. चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं होत नाही. तो तुमच्याकडेच राहतो, प्रती काढायचा हक्कही. पण कुणी पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचं वेगळं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर अशा चित्राचा पहिला कॉपीराइट मालक तो काढून घेणारा असतो. नवी मुलं व्यक्तिचित्रांच्या ऑर्डरी घेतात आणि हे त्यांना माहीतच नसतं. अ‍ॅडव्हान्स घेण्याआधी एक ओळ लिहून दोघांच्या सह्या घ्या: 'कॉपीराइट चित्रकाराकडे राहील.'

जुनाब्रश:
हे मलाही कुणी सांगितलं नव्हतं. आभार. आणि विकायचंच ठरलं असेल, तर भाव सगळीकडे एकच ठेव. इन्स्टाग्रामवर चार हजार आणि गॅलरीत आठ हजार असं दिसलं, की आठ हजारांना घेणारा पुन्हा तुझं चित्र घेत नाही, आणि ती गॅलरीही तुला पुन्हा बोलवत नाही.

कागदकुंचला:
सगळं वाचलं. काल रात्री वही काढून बसले. कागद, रंग, फ्रेम, हॉलच्या भाड्यातला माझा वाटा आणि चार दिवसांची मजुरी धरून तुळशीबाग साडेसात हजारांच्या खाली परवडत नाही. मी काकांना बहुतेक तीन हजार सांगितले असते! मजुरी कधी धरलीच नव्हती. आज सकाळी सगळ्या चित्रांखाली चिठ्ठ्या लावल्या. पहिली लावताना हात थरथरत होता, पाचवीपर्यंत थांबला. तुळशीबागेच्या फक्त पंचवीस प्रती काढणार आहे, प्रत्येकीवर पेन्सिलने क्रमांक आणि सही. जुनाब्रश, जहांगीरचा अर्जही भरतेय.

जुनाब्रश:
गणपती मागायला कुणीतरी येईलच, तेव्हा मित्राची गोष्ट आठव. आणि पंचवीस म्हणजे पंचवीसच. सव्विसावा माणूस कितीही आग्रह करू दे, ती फाइल पुन्हा छापायला द्यायची नाही.