मदत हवी आहे: काजव्यांच्या दिवसांत पतंगांसाठी दिवा लावावा का?

नमस्कार मंडळी. मे अखेरीस चिपळूणजवळ मामाच्या गावी जातोय. पहाटे नवरंग आणि ओढ्याकाठी तिबोटी खंड्या हे पक्षी शोधायचे, हे ठरलेलं. दोघेही पावसाच्या तोंडावर तिकडे विणीला येतात.

प्रश्न रात्रीचा आहे. पांढरी चादर आणि यूव्ही (अतिनील) दिवा लावून त्याकडे येणारे पतंग बघायचेत (मून मॉथ हा मोठा, फिकट हिरवा पतंग आला तर सोन्याहून पिवळं!). पण परसामागच्या सादड्याच्या झाडांवर नेमके त्याच दिवसांत काजवे असतात. त्यांचं जोडीदार शोधणं लुकलुकण्यावरच चालतं, त्यात आपल्या दिव्याची लुडबुड नको. मग चादर किती लांब लावावी? घराच्या आडोशाला, काजवे मंदावल्यावर लावली तर चालेल? दिवा सलग किती वेळ ठेवता? कोकणात हे केलेल्यांनी जरूर सांगा.