चार्जला एकच मराठी शब्द?

इंग्रजी ‘चार्ज’ला मराठीत काय म्हणावं, या चर्चेत ‘चार्ज म्हणजे शुल्क, विषय संपला’ असं कोणीतरी लिहिलंय. इतक्यात कुठे संपतोय! मूळ लॅटिन ‘कार्रुस’, म्हणजे चाकांचा गाडा. त्यावरून गाडा भरणे, ओझं लादणे. हे ओझं लक्षात ठेवलं की बाकीचे अर्थ आपोआप उलगडतात.

आमच्या वडोदऱ्यात बाबा निवृत्त झाले त्या दिवशी घरी येऊन किल्ल्यांचा रिकामा जुडगा टेबलावर टाकत म्हणाले, ‘दिला एकदाचा चार्ज.’ हा कार्यभार. फोनच्या बॅटरीतला तो विद्युतभार, बिलावर वर चढवलेला तो अधिभार. तिन्हीकडे ‘भार’ आहेच, आणि मला तो लॅटिन गाड्याइतकाच चपखल वाटतो. कोर्टातला चार्ज मात्र आरोप. पण वृक्षारोपण आठवा: आरोप म्हणजेही वर ठेवणे, चढवणे. लाठीचार्ज तेवढा वेगळा, तिथे आपला ‘लाठीमार’ जास्त बोलका.

असे पर्याय शोधण्याचं वेड या शहराला जुनं आहे. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली ‘श्री सयाजीशासनशब्दकल्पतरु’ छापला गेला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी वगैरे भाषांतले प्रतिशब्द त्यात शेजारी शेजारी आहेत.

बाकी इथल्या दांडिया बाजारात कोणी ‘भ्रमणध्वनी प्रभारित करून द्या’ म्हणालं, तर दुकानदार आधी त्याच्याकडेच बघेल. तिथे चार्जच बरा. शुल्क फक्त फीच्या पावतीपुरतं ठेवा.