प्रतिसाद: मे महिन्यात नाक उचलायचा वेग वाढवायचा का?

वर विचारलंय, की उन्हाळ्यात उजळाईवाडीला (कोल्हापूर विमानतळावर) हवा विरळ होते, मग टेकऑफला वेगमापकाच्या काट्यावरचा वेग जास्त घ्यायचा का? नाही. वैमानिक-लेखक वुल्फगँग लांगेविशे यांनी 1944च्या 'स्टिक अँड रडर'मध्ये हेच घोळवून सांगितलंय: पंख स्टॉल होतो (उचल गमावतो) तो समोरून येणाऱ्या हवेशी होणाऱ्या कोनामुळे. आणि काटाही त्याच विरळ हवेचा दाब मोजतो, म्हणून काट्यावरचा आकडा तोच ठेवायचा.

बदलतो तो जमिनीवरचा वेग. कोल्हापूरची उंची सुमारे 2000 फूट, तिथलं प्रमाण (हिशेबासाठी धरलेलं) तापमान 11 अंश. पारा 38 वर गेला की 27 अंश जास्त. दर जादा अंशाला उंचीत 120 फुटांची भर धरा, 3240 झाले. म्हणजे विमानाच्या लेखी तुम्ही 5200 फुटांवर उभे! वारा नसेल तर काटा 55 नॉट दाखवताना खाली धावपट्टी साधारण 59नं पळते. इथंच फसगत होते. वेग आला असं वाटून नाक लवकर ओढलं, की विमान जमिनीलगतच्या हवेच्या उशीवर तरंगतं आणि वर चढतच नाही.

विरळ हवेत इंजिनही दमतं. कार्ब्युरेटरवालं असेल तर ब्रेक दाबून फुल थ्रॉटलला मिक्श्चर (हवेत किती इंधन मिसळायचं ते ठरवणारा दांडा) हळूहळू मागे घ्या, आरपीएम सर्वात जास्त होईल तिथं थांबा. आपल्या विमानाचं हँडबुक मात्र आधी बघा. आणि चौघं तांबडा-पांढरा रिचवून बसणार असतील, तर वजनाचं गणित करूनच टाकी भरा.