रायफल पुसणं वेगळं, बंदूक दुरुस्त करणं वेगळं

वर एकांनी विचारलंय, मराठा लाइट इन्फंट्रीत सतरा वर्षं काढली, आता आपलं आपण शिकून बंदूक दुरुस्तीत पडलो तर काय हरकत? हरकत काही नाही हो. पण पलटणीत आपण रायफल उघडतो, पुसतो, तेल देतो. बिघडली की आर्मररकडे, म्हणजे पलटणीतल्या हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडे दिली, मोकळे. इथं खानापूरकडची, डुकरांपासून पीक राखायला ठेवलेली आजोबांच्या वेळची, नळीच्या तोंडातून दारू ठासायची ठासणीची बंदूक येते. तिचा पार्ट कुठं मिळतोय? कानस घेऊन घासत बसायचं.

आमचे मामा हवालदार होऊन परत आले आणि बेळगावात एका लायसनवाल्याच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात बसू लागले. मालकाचे हात थरथरायचे, शिकवणार काय! पहिलं वर्ष नुसतं लाकूड. बंदुकीचा लाकडी दस्ता बसवताना लोखंडावर दिव्याची काजळी धरायची, लाकडावर दाबायचं, काळा डाग उठेल तेवढंच पटाशीनं खरवडायचं. परत काजळी, परत दाबायचं. एकदा घाईत जास्त तासलं आणि गिऱ्हाइकाचं शिसवी लाकूड वाया गेलं. पैसे पदरचे भरले.

आणि घरी मात्र सुरू करू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही वेगळं लायसन लागतं, बाळगायच्या लायसनवर भागत नाही. माजी सैनिक असलात तरी.

धंदा? इलेक्शननंतर बरा चालतो. इलेक्शनपुरत्या पोलीस ठाण्यात जमा केलेल्या बंदुका गंज खाऊनच परत येतात की!