विद्यापीठाची खरेदी : सर्वांत कमी दर हीच कसोटी अजून किती दिवस?

मूळ धागा (प्रयोगशाळा सांभाळणारा)

मागच्या महिन्यात रसायनांचं कपाट आवरायला घेतलं. मागच्या रांगेत सीलही न फोडलेल्या बाटल्या निघाल्या, मुदत केव्हाच उलटलेली. मोठ्या पॅकवर सूट होती आणि वर्ष संपताना निधी परत जाऊ नये, म्हणून घेतलेल्या. आता त्या घातक कचऱ्यात द्यायच्या आणि वर त्याचेही पैसे मोजायचे. जीव तुटतो हो हे बघून.

हरित खरेदी म्हटलं की आपण पुनर्वापराच्या कागदापाशीच थांबतो. खरा निर्णय होतो मागणीपत्र लिहिताना. उदाहरणार्थ, नमुने साठवायचा उणे ८० अंशांचा फ्रीझर. जुना असेल तर एकटा एका घराएवढी वीज खातो, तीही रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. आपण मात्र तुलना करतो फक्त विकत घेतानाच्या किमतीची. वीज, दुरुस्ती, शेवटची विल्हेवाट असा आयुष्यभराचा खर्च धरूनच निविदा तोलायला हव्यात. युरोपीय संघाच्या २०१४ च्या सार्वजनिक खरेदी निर्देशात ही पद्धत मान्य केलेली आहे. आणि त्याही आधी, तेच यंत्र दुसऱ्या विभागात पडून आहे का, हे विचारल्याशिवाय मागणीपत्र पुढे जाऊच नये.

प्रतिसाद (खरेदी विभागातून)

अजिबात पटलं नाही. विजेचा आकडा देणार पुरवठादार, तो तपासणार कोण? आज मी सर्वांत कमी दर डावलला, तर उद्या हरलेला पुरवठादार तक्रार घेऊन दारात आणि परवा लेखापरीक्षकाचा आक्षेप. उत्तर द्यायला सही करणारा एकटाच उरतो. शिवाय प्रमाणपत्रं सक्तीची केली की छोटे पुरवठादार बाहेर पडतात आणि दोन-तीन मोठेच उरतात. यंत्रांच्या शोधाशोधीत संशोधनाचे तीन महिने गेले, तर तो खर्च कोणाच्या खात्यात धरायचा?

मूळ धागालेखक

आकडा पुरवठादाराच्या शब्दावर घ्यायचाच नाही. एनर्जी स्टार या वीज वाचवणाऱ्या यंत्रांना लेबल देणाऱ्या अमेरिकी योजनेत प्रयोगशाळेच्या फ्रीझरसाठी चाचणीची ठरलेली पद्धत आहे. रोज किती युनिट लागतात, ते आतल्या जागेच्या हिशेबात मोजतात. निविदेत चाचणी अहवाल मागा आणि पुढे ‘किंवा समतुल्य पुरावा’ एवढे शब्द घाला. ज्याच्याकडे लेबल नाही, पण अहवाल आहे, तोही आत येतो. खर्च मोजायचं सूत्र आणि तो किती वर्षांचा धरायचा हे निविदेतच छापलं, तर आक्षेपाला जागा कुठे राहते?

प्रतिसाद (संशोधक विद्यार्थिनी)

दोघांनाही माझा विरोध आहे. तुमचा सगळा वाद ‘कोणतं घ्यायचं’ यावरच चाललाय. लॅपटॉपच्या एकूण कार्बन उत्सर्जनातला मोठा वाटा तो बनवतानाच होऊन गेलेला असतो. म्हणजे चांगला चालणारा लॅपटॉप काढून वीज वाचवणारा नवा आणला, तर पर्यावरणाचं नुकसानच. दोन वर्षं जास्त वापरा. फ्रीझरचंही तसंच. उणे ८० ऐवजी उणे ७० वर ठेवला तर साधारण ३० टक्के वीज वाचते आणि बरेचसे नमुने तिथेही नीट टिकतात. यात निविदा कुठे आली?

मूळ धागालेखक

लॅपटॉपचं मान्य, माझ्या मांडणीत ते सुटलंच होतं. पण जुनं टिकवायचं तर बॅटरी बदलता यायला हवी, सुटे भाग मिळायला हवेत. ती अट पुन्हा निविदेतच घालावी लागते ना?

प्रतिसाद (खरेदी विभागातून)

ती अट चालेल. सुटे भाग इतकी वर्षं मिळतील की नाही, याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच असतं, ते मी कोणासमोरही मांडू शकतो. आयुष्यभराच्या खर्चाला मात्र अजून नाहीच म्हणेन आणि खरं कारण वेगळं आहे. यंत्र येतं विभागाच्या अनुदानातून, वीजबिल भरतं विद्यापीठ. जास्त पैसे देणाऱ्याच्या हाती बचतीतलं काहीच पडत नसेल, तर तो का देईल? आधी विभागवार वीज मोजा, मग माझ्याकडे या.

मूळ धागालेखक

हे खरं दुखणं आहे. फ्रीझरच्या खोलीला उपमीटर बसवायचा अर्ज आजच देतो. पहिल्या तीन महिन्यांची युनिटं हाती आली की इथेच टाकेन.