लॉगची फाइल उडवली तरी डिस्क फुल्लच, आणि रूटला वॉर्न लावूनही डीबगच्या ओळी येतातच, काय चुकतंय?

केळीपट्टा_कोडर (जळगाव)

राम राम मंडळी. फोनवरून टाइप करून ऱ्हायलो म्हणून सगळं देवनागरीतच, कोडचे शब्द तेवढे समजून घ्या.

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याला मी छोटं सॉफ्टवेअर करून दिलंय. गाडी काट्यावर आली की वजन घ्यायचं, कटती वजा करायची, शेतकऱ्याची पट्टी छापायची, बस. स्प्रिंग बूट, पोस्टग्रेस, आणि सर्व्हर म्हणजे त्यांच्या गाळ्यातला जुना डेस्कटॉप, उबुंटू टाकलेला, १२० जीबीची एसएसडी. नोहप (टर्मिनल बंद केलं तरी प्रोग्राम चालू ठेवणारी कमांड, छापलेलं सगळं नोहप डॉट आउट फाइलमध्ये टाकते) लावून जार, म्हणजे माझा जावा प्रोग्राम, चालू करून दिली आणि दीड महिना निवांत होतो.

काल रात्री अकराला शेठचा फोन, पट्टी निघत नाही, बाहेर चार गाड्या भरून उभ्या, ड्रायव्हर बोंबलून ऱ्हायले. रिमोटने आत शिरलो तर डिस्क १०० टक्के. नोहप डॉट आउट एकटी ६१ जीबी, आणि माझी लॉगची फाइल वीसच्या वर. घाईघाईत आरएम (फाइल डिलीट) मारून नोहप डॉट आउट उडवली, डीएफने डिस्कची जागा बघतो तर परत १०० टक्के! डीयू (फाइलींची साइज मोजणारी कमांड) मारलं तर फाइल कुठेच नाही, मग जागा खाल्ली कोणी. शेवटी मशीनच रीस्टार्ट केलं तेव्हा सुटलं. हे काय होतं?

दुसरं म्हणजे लेव्हलचं (नोंद किती महत्त्वाची ते, खालून वर डीबग, इन्फो, वॉर्न, एरर) डोक्यात बसेना. लॉग लिहायला लॉगबॅक ही लायब्ररी आहे. लॉगबॅक-स्प्रिंग नावाच्या एक्सएमएलमध्ये रूट, म्हणजे सगळ्यात वरचा लॉगर, आहे, त्याला कन्सोल आणि फाइल असे दोन अपेंडर (ओळ कुठे लिहायची ते). खाली माझ्या पॅकेजचा वेगळा लॉगर, लेव्हल डीबग, त्यालाही तोच फाइल अपेंडर दिलाय (कुठूनतरी कॉपी केलं होतं, खोटं कशाला बोलू). आज सकाळी प्रॉपर्टीज फाइलमध्ये लॉगिंग डॉट लेव्हल डॉट रूट इक्वल टू वॉर्न केलं. तरी माझ्या पॅकेजच्या डीबगच्या ओळी येतातच, फाइलमध्ये तर प्रत्येक ओळ दोन-दोनदा, कन्सोलवर मात्र एकदाच. आणि हायबरनेटच्या (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) एसक्यूएलचा पूर वेगळाच, तो कशानेच थांबत नाही. सीझन चालू आहे, परत असं झालं तर शेठ मलाच गाडीत भरून दिल्लीला पाठवतील.

तापीकाठ (भुसावळ)

असं कसं व्हयनं भो, म्हणून आधी डिस्कचंच सांगतो.

लिनक्समध्ये आरएम केलं की फाइलचं नाव जातं, फाइल नाही. एखाद्या प्रोसेसने ती उघडून धरली असेल तर जागा तशीच अडकून राहते, ती प्रोसेस मेली की सुटते. तुझी जावा लिहीतच होती. म्हणून डीयूला दिसत नाही, कारण ते नावं मोजत जातं, आणि डीएफला दिसतं, कारण ते जागा मोजतं. एलएसओएफ या उघड्या फाइली दाखवणाऱ्या कमांडला प्लस एल वन देऊन बघ, नाव गेलेल्या पण अजून उघड्या फाइली समोर येतील.

मशीन रीस्टार्ट करायची गरज नव्हती, जार बंद-चालू केली असती तरी झालं असतं. त्याहून बरं म्हणजे फाइल उडवायचीच नाही, ट्रंकेट कमांडने साइज झिरो करायची, प्रोसेस चालू राहते आणि जागा लगेच मोकळी. यात एक गोम आहे. नोहपने स्वतः बनवलेली फाइल अपेंड मोडमध्ये असते, तिथे ट्रंकेट सुरळीत चालतं. पण तू एकच ग्रेटर-दॅन चिन्ह देऊन आउटपुट वळवलं असशील तर प्रोसेस जुन्याच जागेवरून पुढे लिहिते आणि एलएसला परत ६१ जीबी दिसते. खरी जागा तेवढी जात नाही, मधे पोकळ असतं, पण बघणाऱ्याची फाटते. म्हणून वळवताना दोन चिन्हं द्यायची.

आणि मुळात नोहप सोड बाबा. सिस्टमडीची (लिनक्समध्ये प्रोग्राम चालू ठेवणारा कारभारी) सर्व्हिस कर, पंधरा ओळींची फाइल आहे. कन्सोलवर जे येतं ते त्याच्या जर्नलमध्ये, म्हणजे लॉगवहीत, जातं आणि जर्नल आपली मर्यादा आपणच पाळतं, काही सेट केलं नाही तरी फाइलसिस्टिमच्या १० टक्क्यांवर जात नाही आणि त्यातही ४ जीबीच्या वर नाही. लाइट जाऊन आली तरी सर्व्हिस आपोआप उठते. आमच्याकडे मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर किती वेळा बसतो ते तुला सांगायला नको.

लॉगबॅकचं माझ्यापेक्षा साक्रीवाले नीट सांगतील.

पाटकरी_साक्री (धुळे)

बोलावलं म्हणून आलो :)

केळीपट्टा भाऊ, तुझा घोळ एकाच ठिकाणी आहे. लेव्हल कुठे तपासली जाते आणि ओळ कुठे लिहिली जाते या दोन गोष्टी तू एकच धरून चाललायस.

आमच्या पांझरा नदीच्या फडात (सामाईक पाटपाण्याच्या शेतात) पाणी सोडतात तसं बघ. चारीच्या तोंडाशी पाटकरी उभा, कुणाला किती ते तिथेच ठरतं. एकदा पाणी आत गेलं की पुढे कोणी अडवत नाही. लॉगबॅकमध्ये तसंच, ज्या लॉगरवर तू डीबगची ओळ लिहिलीस त्याची लेव्हल फक्त बघितली जाते, आणि तीही एकदाच. तुझ्या पॅकेजला स्वतःची लेव्हल आहे, डीबग. मग रूटला वॉर्न असो की ऑफ असो, कोणी विचारत नाही. पॅकेजवर काहीच लिहिलं नसतं तर त्याने वरून रूटची लेव्हल घेतली असती.

आता पुढची गंमत, इथे भलेभले फसतात, मीही फसलोय. ओळ एकदा पास झाली की ती आपल्या लॉगरच्या अपेंडरकडे जाते, मग त्याच्या बापाच्या, मग आज्याच्या, असं करत रूटच्या सगळ्या अपेंडरकडे. वर जाताना रूटची लेव्हल परत तपासत नाहीत! म्हणून रूट वॉर्न असूनही त्याच्याच कन्सोलवर तुझं डीबग दिसतं. (पाणी वर चढत नाही, लॉग चढतो, फडाची उपमा इथे संपली.)

यातच तुझ्या दोनदाचं उत्तर आहे. फाइल अपेंडर पॅकेजलाही आहे आणि रूटलाही, म्हणून एकदा खाली लिहिलं, एकदा वर गेल्यावर लिहिलं. कन्सोल फक्त रूटला, म्हणून तिथे एकदाच. इलाज दोन. पॅकेजच्या लॉगरवरचा अपेंडर काढून टाक, तुला तेवढंच पुरे. किंवा ॲडिटिव्हिटी फॉल्स कर, म्हणजे ओळ वर जाणारच नाही. पण मग कन्सोलवरही येणार नाही, नंतर परत इथे विचारायला येशील.

आणि कन्सोलवर फक्त वॉर्न आणि त्यावरचं, फाइलमध्ये मात्र डीबगपासून सगळं असं हवं असेल तर ते लॉगरवर होत नाही, अपेंडरवर थ्रेशोल्ड फिल्टर लावावा लागतो. लॉगर ठरवतो कोण बोलणार, अपेंडर ठरवतो आपण काय ऐकून घेणार.

एसक्यूएलचं सांगू का, तुझ्या प्रॉपर्टीजमध्ये जेपीए शो-एसक्यूएल ट्रू असणार. बरोबर ना? ते लॉगरमधून जातच नाही, हायबरनेट ते थेट सिस्टम डॉट आउटवर फेकतं, लेव्हल लावून काय उपयोग. तुझ्या ६१ जीबीतला मोठा वाटा तोच असेल, पैज लावतो. तो फॉल्स कर आणि लागेल तेव्हा ओआरजी डॉट हायबरनेट डॉट एसक्यूएल या लॉगरला डीबग दे, एसक्यूएल कॅपिटलमध्ये. प्रश्नचिन्हांच्या जागी कोणते आकडे गेले ते बघायचं असेल तर हायबरनेट ६ मध्ये ओआरजी डॉट हायबरनेट डॉट ओआरएम डॉट जेडीबीसी डॉट बाइंडला ट्रेस. ५ मध्ये नाव वेगळं होतं, टाइप डिस्क्रिप्टरखालचा बेसिक बाइंडर. मात्र ते चालू करून विसरू नको, त्यात शेतकऱ्यांचे मोबाइल आणि बँक खाती सगळी उघडी पडतात.

फाइलचं रोलिंग केलंय का? तू काही बोलला नाहीस म्हणजे साधा फाइल अपेंडर असणार.

केळीपट्टा_कोडर

दादा पैज जिंकले तुम्ही, शो-एसक्यूएल ट्रूच होतं, डेव्हलपमेंटला लावलं आणि तसंच गेलं. आणि हो, साधाच फाइल अपेंडर. रोलिंग म्हणजे रोज नवी फाइल ना? पण मग दिवसाला एक तयार होत राहिली तरी डिस्क भरणारच की, फक्त तुकड्या-तुकड्यात.

पाटकरी_साक्री (धुळे)

म्हणून तर जुन्या उडवायचं पण त्यातच सांगायचं असतं. रोलिंग फाइल अपेंडर घे, त्यात साइज अँड टाइम बेस्ड पॉलिसी. मॅक्स फाइल साइज १० एमबी ठेव, मॅक्स हिस्टरी ३० म्हणजे नावाच्या पॅटर्नमध्ये रोजची तारीख असेल तर ३० दिवस, आणि टोटल साइज कॅप २ जीबी. कॅप एकटी चालत नाही, तिला मॅक्स हिस्टरी लागतेच. पॅटर्नमध्ये पर्सेंट आय विसरायचं नाही, एका दिवसात दुसरी फाइल झाली तर नंबर कुठून येणार. नावाच्या शेवटी डॉट जीझेड लिहिलंस की जुन्या फाइली आपोआप दाबून ठेवतं.

आणखी एक, तुझ्यासारख्यांसाठी खास. जुन्या फाइली उडवायचं काम रोलओव्हरच्या, म्हणजे नवी फाइल सुरू व्हायच्या, वेळी होतं. शेठ ऑफ सीझनला संध्याकाळी मशीन बंद करून घरी जात असतील, सकाळी दोन तास चालू, परत बंद, असं असेल तर क्लीन हिस्टरी ऑन स्टार्ट ट्रू करून ठेव, चालू होतानाच साफसफाई होते.

एवढं एक्सएमएल नको असेल तर बूटच्या प्रॉपर्टीजमधून लॉगिंग डॉट फाइल डॉट नेम दिलं तरी फाइल बनते आणि १० एमबीला आपोआप रोल होते. काहीच नाही दिलं तर बूट फक्त कन्सोलवर लिहितं, फाइल बनवतच नाही, आणि लेव्हल इन्फो. तू ते राजेशाही सोडून स्वतःचं दुकान मांडलंस :)

सरकी_ताई (धुळे)

मध्येच बोलते. जिनिंगवाल्यांसाठी मीही काट्याचंच काम करते, तुमचा काटा वाचणारा प्रोग्राम वेगळा आहे की बूटच्याच आत? कारण वेगळा साधा मेन क्लास असेल आणि त्यात जावाचंच युटिल लॉगिंग असेल तर तिथले नियम वेगळे. मला दोन दिवस लागले होते. काट्याकडून सिरियल पोर्टवर काय बाइट येतात ते बघायला मी लॉगरला फाइन लेव्हल दिली, कोरडं ठक्क, एक ओळ नाही. कारण तिथे दोन दरवाजे, लॉगरचा एक आणि हँडलरचा (तिथला अपेंडर) एक, आणि कन्सोल हँडलर मुळातच इन्फोला असतो. दोघांनाही फाइन द्यावं लागतं. नावं पण निराळी, एररला तिथे सिव्हिअर म्हणतात, डीबगच्या जागी फाइन, फाइनर, फाइनेस्ट, अगदी कापसाची प्रत लावल्यासारखं.

त्यातही लॉगर स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा हो. नाहीतर गार्बेज कलेक्टर (जावाचा मेमरी झाडणारा) त्याला उचलून नेतो, परत मागितला की कोरा मिळतो, तुम्ही लावलेली लेव्हल गायब. कधी चालतं कधी नाही, आणि माणूस बिचारा काट्यालाच शिव्या देतो. फाइल हँडलर वापरला तर उघडल्यावर एक्सएमएल दिसेल, घाबरू नका, त्याचा मूळ फॉरमॅटच तो आहे, सिंपल फॉरमॅटर द्यायचा. लिमिट आणि काउंट द्यायला विसरलात तर परत तुमची ६१ जीबी.

केळीपट्टा_कोडर

ताई, वेगळाच आहे, आणि हो, युटिल लॉगिंगच! म्हणून काट्याचं कधी काही दिसायचंच नाही, मला वाटायचं काटा गप आहे. आज रात्री हँडलरला पण फाइन देतो.

पण एक सांगा, सीझनमध्ये रात्री बारा वाजता एखाद्या पट्टीत घोळ झाला तर डीबग लागतंच, आणि रीस्टार्ट केलं तर काट्यावर रांग लागते. मग कायमचंच डीबग ठेवावं का?

तापीकाठ (भुसावळ)

नको रे भो. ॲक्च्युएटर टाक (बूटचाच भाग, चालू प्रोग्राम बाहेरून बघायला), त्यात लॉगर्स नावाचा पत्ता असतो, तो आधी एक्सपोज करावा लागतो. तिथे पोस्ट करून कॉन्फिगर्ड लेव्हल डीबग पाठवलं की चालू प्रोसेसमध्ये बदलतं. काम झालं की नल पाठव, मग तो लॉगर वरच्याची लेव्हल घेतो; त्याला स्वतःची लेव्हल लावलेली असेल तर नलऐवजी तीच परत पाठव. मशीन रीस्टार्ट झालं तरी जुन्यावर येतं. पण तो पत्ता गाळ्याच्या वायफायवर उघडा टाकू नको, तिथे हमालापासून पेट्रोलवाल्यापर्यंत सगळ्यांना पासवर्ड माहीत असतो.

आणि कशाला कोणती लेव्हल तेही एकदा बसून ठरव. पट्टी छापली, इन्फो. काट्याने वजन दुसऱ्यांदा मागितल्यावर दिलं, वॉर्न. पट्टी सेव्हच झाली नाही, एरर. काट्याचे कच्चे बाइट डीबगला. सगळं इन्फोला टाकणारे लोक आहेत, रात्री बाराला त्यांनाच सापडत नाही काही.

केळीपट्टा_कोडर

अपडेट देतो. पॅकेजवरचा अपेंडर काढला, ओळी एकदाच येतात. शो-एसक्यूएल बंद. रोलिंग लावलं, सिस्टमडीची सर्व्हिस केली, कन्सोलला थ्रेशोल्ड वॉर्न. कालपासून पूर्ण दिवस चालू आहे, ५३ गाड्या गेल्या, लॉग मिळून ४ एमबी. काट्याचा फाइन चालू केला तर कळलं की काटा गप नव्हता, काही पट्ट्यांना तो वजन स्थिर व्हायच्या आधीच आकडा पाठवतो आणि माझा प्रोग्राम तोच पहिला आकडा धरतो. हे मला दीड महिना माहीतच नव्हतं. शेठला अजून सांगितलं नाही.

एक छोटं राहिलं, लॉगमधली वेळ साडेपाच तास मागे दिसते, रात्री अकराचं संध्याकाळी साडेपाचला.

सरकी_ताई (धुळे)

मशीन यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळ) आहे. टाइमडेट-सीटीएलने एशिया स्लॅश कोलकाता करा, नाहीतर पॅटर्नमध्ये डेटच्या पुढे स्वल्पविराम देऊन तेच लिहा. मशीनचंच करा म्हणते मी, पट्टीवरची तारीख पण त्यावरूनच येत असेल, पहाटे साडेपाचच्या आत छापलेल्या पट्ट्या आदल्या दिवसाच्या तारखेने गेल्या असतील, एकदा तपासा.

केळीपट्टा_कोडर

गेल्यात ताई. आत्ताच बघितलं. शेठकडे जाऊन येतो, मग बोलू.