दिवाण परत करायचा आहे, बिल सापडत नाही

सुनंदा वहिनी: सर्वांना नमस्कार. आंदणातला दिवाण परत करायचा आहे. 6 बाय साडेसहाचा आहे, खोलीत लावला की अलमारीचा एक पल्ला उघडतच नाही. यवतमाळच्या दुकानात फोन केला तर म्हणे बिल आणा, बिलाशिवाय बोलूच नका. लग्नाच्या गडबडीत बिल कुठं गेलं देव जाणे. छोटा हत्ती सांगून ठेवू का?

देशमुख काका: टेम्पो बोलावण्याआधी दुकानदाराचा लेखी होकार घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आला तरी चालतो. 🙏

गजूभाऊ: काऊन घाबरता वहिनी? कायद्यानं तीस दिवसांत माल वापस घ्याच लागते. नेऊन ठेवा दुकानासमोर.

मास्तर: गजूभाऊ, अर्धवट सांगू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा, लागू झाला 20 जुलै 2020 पासून. त्यात तीस दिवसांची गोष्ट आहे ती सदोष मालाची. बिलावर मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. खोलीत बसत नाही हा मालाचा दोष नाही. तिथं दुकानदाराची मर्जी आणि त्याचा स्वतःचा नियम.

गजूभाऊ: म्हणजे ग्राहकानं मराचं?

मास्तर: असं कुठं म्हटलं मी? जे हक्काचं आहे ते हक्कानं मागा, जे विनंतीचं आहे ते विनंतीनं. हक्क सांगून भांडायला गेलं की जो देणारा असतो तोही आखडतो.

निखिल: वहिनी, पैसे कसे दिले होते? फायनान्सवर घेतला का?

सुनंदा वहिनी: नाही. अ‍ॅडव्हान्स फोनपेनं, बाकीचे नगदी डिलिव्हरीच्या वेळी.

निखिल: मग काम सोपं आहे. फोनपेच्या हिस्टरीत तो व्यवहार उघडा. तारीख, रक्कम, कोणाला गेले ते नाव आणि खाली 12 आकडी यूटीआर म्हणजे व्यवहाराचा नंबर, हे सगळं दिसन असा स्क्रीनशॉट घ्या. दुकानाचा हिशोब कॉम्प्युटरवर टॅलीत असन तं त्या तारखेचं डे-बुक, म्हणजे दिवसाची नोंद, उघडलं की बिल निघते, डुप्लिकेट प्रिंट भेटते. लक्षात ठेवा, बुकिंगची तारीख आणि बिलाची तारीख एक नसते. बहुतेक दुकानं बिल डिलिव्हरीच्या दिवशी फाडतात, म्हणून दोन्ही तारखा सांगा. मोबाईल नंबरही सांगा, पण लग्नाच्या खरेदीत बिल कोणाच्या नावानं फाडलं ते आधी घरी विचारा. व्याह्यांच्या नावानं असलं तं तुमच्या नावानं शोधून काहीच सापडणार नाही.

निखिल: आणि दुकानदार बिल काऊन मागते तेही सांगतो. लाकडी फर्निचरवर 18 टक्के जीएसटी असते. माल वापस घेतला की त्याले क्रेडिट नोट, म्हणजे माल वापस आल्याचा कागद, काढा लागते, तिच्यावर मूळ बिलाचा नंबर आणि तारीख टाका लागते. नंबर नसला तं भरलेला टॅक्स त्याच्या अंगावर पडते. त्याले कागद नाही, नंबर पायजे.

देवकाकू: फर्निचरचा विषय निघालाच आहे तर विचारते, नालीवर ठेवलेला जुना सोफा कधी उठणार? पाणी आमच्या फाटकासमोर तुंबते.

गजूभाऊ: भंगारवाल्याला सांगतलं आहे काकू.

देवकाकू: पोळ्यापासून तेच ऐकून राहिलो आम्ही.

प्रवीणभाऊ सुतार: भंगारवाला लाकडी सोफा नेत नाही, त्याले लोखंड पायजे. कापड अन् फोम सोलून काढा, खालच्या स्प्रिंगा वेगळ्या करा, त्या तो घेईन. लाकूड चुलीले होते, पण फळीवर सनमायका असला तं जाळू नका.

देशमुख काका: टेम्पो बोलावण्याआधी दुकानदाराचा लेखी होकार घ्या. 🙏

सुनंदा वहिनी: निखिल, दुकानानं एक हातानं लिहिलेली चिठ्ठी दिली होती. ती सापडली. वर एस्टिमेट छापलं आहे.

निखिल: जपून ठेवा, फोटोही काढा. ते पक्कं बिल नाही, पण तारीख, माप, भाव अन् अ‍ॅडव्हान्स त्यावर आहे. यूटीआर सोबत जोडला की नाही म्हणाले जागा राहत नाही. डिलिव्हरीवाल्यानं सही घेतलेलं चालान असन तं तेही पहा.

मास्तर: आणि दुकानानं पक्कं बिल दिलंच नसेल, तर बिल न देणं हीसुद्धा त्याच कायद्यात अनुचित प्रथा आहे. मग बिल आणा म्हणायचं तोंड त्याला उरत नाही. अडलंच तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पैसे लागत नाहीत. पुढं जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत 2 वर्षं. पण हे शेवटी.

प्रवीणभाऊ सुतार: वहिनी, दिवाण कशाचा? प्लाय का पार्टिकल बोर्ड? हायड्रोलिक आहे का?

सुनंदा वहिनी: हायड्रोलिक. बोर्डचं माहीत नाही.

प्रवीणभाऊ सुतार: आतल्या बाजूनं एखादं भोक पहा. भुसा दाबल्यासारखं दिसलं तं पार्टिकल, थरावर थर दिसले तं प्लाय. पार्टिकल असन तं स्क्रू एकदा काढला की भोकातला भुसा निघते, दुसऱ्या वेळी पकड राहत नाही. दुकानवाले खोललेला माल पाहून नाही म्हणतात ते ह्याच्यासाठी. म्हणून जेवढं खोलल्याशिवाय दारातून निघत नाही तेवढंच खोला. बोल्टचे जोड खोला, बोर्डात घुसलेल्या स्क्रूले हात लावू नका.

हायड्रोलिकचं नीट ऐका. पंपाचा जोर गादीच्या वजनाच्या हिशोबानं असते. गादी काढली की झाकण उसळून वर येते, तोंड पुढं करू नका. पंप काढाचा तं झाकण पूर्ण वर करून, एकानं धरून, दुसऱ्यानं दोन्ही टोकांच्या क्लिपा काढाच्या. झाकण बंद ठेवून पंप काढाले गेले तं हात फुटते.

नट-बोल्ट, क्लिपा, एलन की एका पिशवीत टाकून हेडबोर्डले बांधा. बोल्ट कमी निघाले की पैसे कापतात. फळ्या गाडीत उभ्या ठेवा, मधात चवाळं. वरून ताडपत्री पायजेच. पार्टिकलची कड पाण्यानं फुगली तं वाळल्यावरही बसत नाही.

देवकाकू: इतकं करण्यापेक्षा अलमारीच सरकवा ना.

सुनंदा वहिनी: काकू, तिकडं खिडकी आहे. तुम्ही खोली पाहिली आहे.

निखिल: पैसे वापस मागूच नका वहिनी, बदली मागा. 5 बाय साडेसहाचा त्याच डिझाइनमधी. दुकानदाराच्या गल्ल्यातून पैसा जात नाही, तो लवकर हो म्हणते. गादीचं वेगळं विचारा, प्लास्टिक काढलेली गादी सहसा कोणी घेत नाही, अन् 6 ची गादी 5 च्या दिवाणावर बसणार नाही.

गजूभाऊ: अन् भाडं? ते तं दुकानदारानंच द्याले पायजे.

मास्तर: माल चांगला असताना भाडं तो कशाला देईल? वर्गणीच्या वेळीसुद्धा तुमचं हेच असतं, द्यायचं दुसऱ्यानं.

गजूभाऊ: वर्गणी काढू नका मास्तर. हिशोब अजून ग्रुपवर आला नाही.

देशमुख काका: विषय दिवाणाचा आहे. टेम्पो बोलावण्याआधी लेखी होकार घ्या. 🙏

सुनंदा वहिनी: दुकानाचं उत्तर आलं. बिल आमच्या व्याह्यांच्या नावानं निघालं. म्हणतात बदलून देऊ, ओरखडा नको, भाडं तुमचं, गादी घेणार नाही. फरक पुढच्या खरेदीत वळता करू.

निखिल: "पुढच्या खरेदीत" एवढ्यावर सोडू नका. फरकाची रक्कम अन् किती महिने चालन ते लिहून मागा. नवीन दिवाणाचं पक्कं बिल तिथंच घ्या, अन् त्याच जागी फोटो काढून ह्या ग्रुपवर नाही, घरच्या ग्रुपवर टाका.

प्रवीणभाऊ सुतार: गाडीत टाकाच्या आधी चारही कडा, हेडबोर्ड, झाकण, सगळ्याचे फोटो काढा. रस्त्यात ओरखडा पडला का आधीचा होता हा वादच नको. 10 चा पाना अन् 4 ची एलन की लागन. पाना माझ्यापाशी आहे.

गजूभाऊ: एलन की माझ्यापाशी आहे. सकाळी दोन पोरं घेऊन येतो वहिनी. त्याच गाडीत सोफाही टाकून देतो.

देवकाकू: सोफ्याचं आधी गाडीवाल्याला विचारा.

देशमुख काका: वहिनी, लेखी आलं ना?

सुनंदा वहिनी: आलं काका. रक्कम लिहिली, मुदत सहा महिने. गाडी सकाळी 8 ला सांगितली आहे.